नोटेला खिडकी कशासाठी? ऑस्ट्रेलियाच्या प्लॅस्टिक नोटांची गोष्ट



खिशात विसरलेली दहाची नोट कपड्यांबरोबर धुतली गेली, की तिची काय अवस्था होते हे तुम्ही पाहिलं असेल. ऑस्ट्रेलियात मात्र अशी भिजलेली नोट पुसायची आणि पुन्हा वापरायची! कारण तिथल्या नोटा कागदाच्या नसून प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिमरच्या आहेत. पण गंमत अशी, की नोटा भिजू नयेत म्हणून हा शोध लागलाच नाही. मग कशासाठी लागला? चला, पाहूया.

खोट्या नोटांचा धक्का

१४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंग सोडून डॉलर हे दशमान चलन सुरू केले. नव्या नोटांत जलचिन्ह होते, धातूचा धागाही होता. तरीही ते वर्ष संपायच्या आत दहा डॉलरच्या बनावट नोटा बाजारात आल्या.

आता विचार करा, खोट्या नोटेमुळे नुकसान कोणाचं होतं? छापणारा तर ती खपवून मोकळा होतो. ती फिरत फिरत ज्याच्या हातात पकडली जाते, त्याला बदली पैसे मिळत नाहीत. तो बिचारा एखादा प्रामाणिक दुकानदार किंवा मजूर असतो. मग लोक खऱ्या नोटेकडेही संशयाने पाहू लागतात. नोट चालते ती विश्वासावर, आणि इथे तोच डळमळतो.

शास्त्रज्ञ कामाला लागले

रिझर्व्ह बँक ऑफ ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी शास्त्रज्ञांची मदत घेतली. १९६८ मध्ये सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेबरोबर काम सुरू झाले. रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड सॉलोमन यांचा यात मोठा वाटा होता.

मुद्दा साधा होता. कागदावर छापलेल्या गोष्टीची नक्कल छपाईयंत्राने करता येते. पण नोटेतला एक भाग काचेसारखा आरपार ठेवला तर? पारदर्शकपणाची फोटोकॉपी निघत नाही! म्हणून पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची पातळ फिल्म निवडली गेली.

ही नोट कशी बनते?

१. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून, ताणून पारदर्शक फिल्म तयार करतात.
२. दोन्ही बाजूंना पांढरी शाई देतात. खिडकीची जागा तेवढी मोकळी सोडतात.
३. त्यावर चित्रे आणि आकडे छापतात.
४. शेवटी संरक्षक लेप देतात.

पहिली पॉलिमर नोट दहा डॉलरची होती. ती जानेवारी १९८८ मध्ये, ब्रिटिश वसाहतीला २०० वर्षे झाली त्या निमित्ताने निघाली. सुरुवातीच्या काही नोटांची शाई निघू लागली, म्हणून छपाईत सुधारणा करावी लागली. १९९२ मध्ये पाच डॉलरची नोट आली आणि १९९६ पर्यंत सर्व नोटा पॉलिमरच्या झाल्या. असे करणारा ऑस्ट्रेलिया हा जगातला पहिला देश!

फायदे आणि तोटे

ही नोट पाणी शोषत नाही, सहज फाटत नाही आणि कागदी नोटेपेक्षा खूप जास्त टिकते. जुन्या नोटांचे तुकडे वितळवून इतर वस्तू बनवता येतात. मात्र जास्त उष्णतेने ती आकसते, कोरी नोट हातातून निसटते आणि घडी घातली तरी उलगडते. शिवाय ‘खोटी नोट बनूच शकत नाही’ असे नाही. बनवणे फक्त खूप अवघड झाले.

आपल्याकडे?

भारतातही २०१४ मध्ये पाच शहरांत दहा रुपयांच्या प्लॅस्टिक नोटांची चाचणी घेण्याचे सरकारने जाहीर केले होते. आपल्या नोटा मात्र अजूनही कापसापासून केलेल्या कागदाच्याच आहेत.

करून पाहा: घरातल्या मोठ्यांकडून पाचशेची नोट मागून घ्या. ती उजेडासमोर धरून जलचिन्ह शोधा. मग तिरकी करून धाग्याचा रंग हिरव्याचा निळा होतो का ते बघा. आणि हो, हे आजी-आजोबांनाही दाखवा. नोट पारखता आली, तर त्यांना कोणी सहजासहजी फसवणार नाही!