गॅसची टाकी घरात, तरी चूल का पेटते?

आपल्या गावातल्या आणि वस्तीतल्या अनेक घरांत आता गॅसची शेगडी आली आहे. तरीही पहाटे पाणी तापवायला आणि भाकरी भाजायला चूल पेटतेच. विचारले तर माता-भगिनी सांगतात, "चुलीवरची भाकरी चांगली लागते." थोडे खोलात गेले की खरे कारण कळते. टाकी परवडत नाही. म्हणून आरोग्याच्या या पानावर आम्ही यावेळी गॅसच्या किमतीविषयी लिहीत आहोत.

चुलीच्या धुरात अतिशय बारीक कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. हे कण थेट फुप्फुसात खोलवर जातात. त्यातून लहान मुलांना न्यूमोनिया, मोठ्यांना जुनाट खोकला व दम्यासारखा श्वासाचा विकार, हृदयविकार आणि डोळ्यांना मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो. गरोदर स्त्री रोज धुरात बसली तर बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यांत 5 वर्षांखालील मुले 2 लाखांहून जास्त होती. हा धूर सर्वांत आधी लागतो तो चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि तिच्या मांडीवरच्या लेकराला. एक वेळ गॅस आणि एक वेळ चूल असे केले तरी घरातला धूर संपत नाही.

कनेक्शन मिळाले, पुढे काय?

उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली. कनेक्शन घरातील बाईच्या नावावर, अनामत रक्कम न घेता मिळू लागले. ही मोठी गोष्ट झाली. पण सरकारच्याच आकडेवारीनुसार उज्ज्वलाच्या घरांत 2019-20 मध्ये वर्षाला सरासरी 3 टाक्या वापरल्या गेल्या आणि 2023-24 मध्ये जेमतेम 4. चार-पाच माणसांच्या घराचा सगळा स्वयंपाक वर्षभर 4 टाक्यांत होत नाही. उरलेला स्वयंपाक चुलीवरच होतो.

किंमत कशी ठरते?

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण. देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो. त्यामुळे परदेशातला भाव आणि डॉलरचा दर वाढला की इथे ताण येतो. त्यात वाहतूक, वितरकाचे कमिशन आणि 5 टक्के जीएसटी मिळून किंमत ठरते. वाहतुकीमुळेच मुंबईपेक्षा गडचिरोलीत टाकी महाग पडते. एप्रिल 2025 मध्ये 50 रुपयांची वाढ झाली, तेव्हा मुंबईत 14.2 किलोची टाकी 852 रुपये 50 पैशांना झाली.

उज्ज्वलाच्या घरांना ऑक्टोबर 2023 पासून टाकीमागे 300 रुपये अनुदान ठरले. 2025-26 साठी ते वर्षाला 9 टाक्यांपर्यंत ठरले, आधी 12 होते. महाराष्ट्रात 2024 मध्ये अन्नपूर्णा योजना आली. तिच्यात पात्र घरांना वर्षाला 3 टाक्या मोफत ठरल्या. पण आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि अनुदान नंतर खात्यात यायचे, अशी पद्धत आहे. रोजावर जाणाऱ्या घराला एका दिवशी टाकीचे पूर्ण पैसे उभे करणे जड जाते. ज्या आठवड्यात काम नाही, त्या आठवड्यात चूल पेटते.

यावर एक उपाय आहे. उज्ज्वला ग्राहकाला 14.2 किलोऐवजी 5 किलोची घरगुती टाकी घेता येते. तिच्यावर वजनाच्या प्रमाणात अनुदान मिळते आणि एका वेळी कमी पैसे लागतात. वितरकाकडे तशी मागणी करावी. मात्र दुकानात 'छोटू' नावाने मिळणारी 5 किलोची टाकी वेगळी. ती बाजारभावाची असते, तिच्यावर अनुदान नाही. किलोवर गॅस भरून देणाऱ्यांकडे तर जाऊच नये. तसा गॅस भरणे बेकायदा आहे आणि त्यात स्फोटाचा धोका आहे.

टाकी घेताना काय पाहावे?

1. पावती मागावी. पावतीवरच्या रकमेत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. 'गाडीभाडे' म्हणून वर 30-50 रुपये मागितले तर ते देऊ नयेत. आपण स्वतः गोदामातून टाकी आणली तर घरपोच खर्चाची रक्कम किमतीतून वजा व्हायला हवी.

2. वजन करून घ्यावे. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावरच लिहिलेले असते. समजा ते 15.3 किलो आहे, तर भरलेली टाकी 29.5 किलोच्या आसपास भरली पाहिजे. टाकी देणाऱ्याने काटा सोबत आणणे अपेक्षित आहे.

3. सील आणि तपासणीची तारीख पाहावी. टाकीच्या कड्याजवळच्या पट्टीवर इंग्रजी 'ए' ते 'डी' यांपैकी एक अक्षर आणि वर्ष असते. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ती मुदत उलटून गेली असेल तर टाकी घेऊ नये.

4. पुस्तकात नोंद करून घ्यावी. मोबाइलवर आलेला कोड टाकी हातात आल्यावरच सांगावा. नाहीतर आपल्या नावाची टाकी हॉटेलात जाते आणि आपल्या वाट्याच्या अनुदानाच्या टाक्या तेवढ्या कमी होतात.

5. अनुदान आले की नाही, हे बँकेत पाहावे. आले नसेल तर आधार खात्याशी जोडलेले आहे का आणि ई-केवायसी झाली आहे का, याची चौकशी करावी. ई-केवायसीसाठी पैसे लागत नाहीत.

तक्रार कुठे करावी?

गॅसचे वितरण 2000 सालच्या केंद्र सरकारच्या आदेशाने आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याने बांधलेले आहे. जादा पैसे घेतले किंवा टाकी दिलीच नाही, तर 1800-2333-555 या मोफत क्रमांकावर कंपनीकडे तक्रार करावी. उज्ज्वलासाठी 1800-266-6696 हा क्रमांक आहे. तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. वजन कमी भरले तर वैधमापन खात्याकडे जावे. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे बटण दाबू नये आणि घराबाहेर येऊन 1906 वर फोन करावा.

एकट्या बाईने पावती मागितली तर तिला उडवून लावतात. वस्तीतल्या दहा जणींनी मिळून मागितली तर देतात. महिला मंडळाने एक ताणकाटा विकत घेऊन ठेवावा आणि वहीत प्रत्येक टाकीची तारीख, वजन व दिलेले पैसे लिहावेत. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी हाती असल्या की तहसीलदारांपुढे तोंडी गाऱ्हाणे मांडावे लागत नाही, वही पुढे करता येते. जादा दिलेले 40-50 रुपये वाचले तर पुढची टाकी थोडी लवकर येईल, आणि तेवढे दिवस लेकरांच्या छातीत धूर जाणार नाही.