दिवा न लावता उजळणारे मनोरे

नेदरलँड्समध्ये आफ्स्लाउटडाइक नावाचा ३२ किलोमीटर लांबीचा समुद्रबांध आहे. रात्री त्यावरच्या महामार्गाने गाडी येऊ लागली की पाण्याच्या दरवाजांचे जुने काँक्रीटचे मनोरे रेघारेघांनी उजळतात. गाडी पुढे गेली की पुन्हा काळोख. मनोऱ्यांना या प्रकाशासाठी वीज लागत नाही. दान रोसेगार्दे या कलाकाराने २०१७ मध्ये अशा ६० दरवाजांच्या बांधकामावर परावर्तक थर बसवला. आपल्याकडे ट्रकच्या मागे 'रेडियम'ची पट्टी चिकटवतात, त्याच जातीचा. त्यातले बारीक लोलक हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेला परत धाडतात. चालकाचे डोळे दिव्यांच्या जवळ, म्हणून त्याला मनोरा लखलखीत दिसतो. बाजूला उभ्या असलेल्याला जवळजवळ काहीच नाही!

इथे पूर्वी झाउडरझी हा उथळ समुद्र होता. त्याच्या काठच्या होर्न, एन्कहाउझेन, ॲम्स्टरडॅम इथून डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पूर्वेकडे निघत. वेंगुर्ल्याची पडकी डच वखार याच कंपनीची. १९१६ च्या जानेवारीत या समुद्राने काठची गावं बुडवली आणि तो बंद करण्याची कोर्नेलिस लेली या अभियंत्याची जुनी योजना सरकारने उचलून धरली. १९३२ मध्ये बांध पुरा झाला. नद्यांनी आतलं खारं पाणी गोडं केलं. पुराची भीती गेली, पण हेरिंगवर जगणाऱ्या कोळ्यांचा धंदाही गेला.

बांधानंतर बाहेरची भरती किती चढेल, हे गणित मांडणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते हेंड्रिक लोरेन्ट्झ. मूळचे प्रकाशाचे अभ्यासक. १९०२ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. बांधावरच्या कॉर्नवेर्डरझांड इथल्या दरवाजांना त्यांचंच नाव आहे. योगायोगच, पण झकास.

ऐतिहासिक वास्तूंवर रंगीत झोत फिरवणारे कार्यक्रम बहुतेकदा कुठल्याही भिंतीवर खपून जातील असे असतात. रोसेगार्देचं हे काम उचलून दुसरीकडे नेता येणार नाही. त्याला डिर्क रोझेनबर्ख या वास्तुविशारदाचे हेच मनोरे लागतात, हाच उघडा रस्ता आणि त्यावरची रहदारी. जहाजांची चित्रं नाहीत, निवेदकाचा घोगरा आवाज नाही, हे तर फारच बरं. मनोऱ्यांमधले दरवाजेही शोभेचे नाहीत: ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की ते वर उचलायचे आणि आतलं जादा पाणी समुद्रात सोडायचं, हे त्यांचं मूळ काम.