पंखा फिरतो, पण —

गेल्या श्रावणातली गोष्ट. सकाळचा चहा घेऊन टेबलाशी बसलो आणि संगणकाचं बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा नेहमीसारखा घुरघुरू लागला. पण पडदा काळा तो काळाच. मग पेटीतून तीन लांब शिट्ट्या ऐकू आल्या. पुन्हा तीन. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या म्हणजे डाळ शिजलेली असते. इथे काय शिजत होतं कोण जाणे!

माझ्या पोटात गोळा आला, तो संगणकासाठी नव्हे. आईने शेवटच्या दोन वर्षांत सांगितलेल्या जात्यावरच्या दीडशेवर ओव्या मी त्यात उतरवून घेतल्या होत्या. नक्कल करून ठेवीन, ठेवीन म्हणता राहून गेलं. आणि आई तर गेलीच.

दुरुस्तीच्या दुकानात फोन केला. "सर, फॉरमॅट मारावं लागेल," पलीकडून सहज उत्तर आलं. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं, एवढं मला ठाऊक होतं. हिनं फोन माझ्या हातून काढूनच घेतला. "अहो, आधी वरच्या मजल्यावरच्या पोराला बोलवा!"

पोरगा तंत्रनिकेतनात शिकतो. शिट्ट्या ऐकताच म्हणाला, "काका, हा अजून डिस्कपर्यंत पोचलेलाच नाही. डिस्क पुसून काय मिळणार?"

मग त्याने मला समजावलं. वीज येते तेव्हा संगणकाची स्मृती कोरी असते. मुख्य पाटीवरच्या एका चिपमधला छोटासा प्रोग्रॅम आधी घरच्यांची हजेरी घेतो आणि मगच डिस्कवरच्या मोठ्या प्रोग्रॅमला हाक मारतो. यालाच 'बूट होणं' म्हणतात. हा शब्द बुटाच्या मागच्या पट्टीवरून आला. ती पट्टी ओढून स्वतःच स्वतःला वर उचलायचं, अशी ही कल्पना! आमच्याकडे हजेरीतच कोणी तरी 'हजर' म्हणत नव्हतं. शिट्ट्यांची भाषा दर कंपनीची निराळी असते. आमच्या यंत्रात ती रॅमची तक्रार निघाली.

त्याने भिंतीतला प्लग काढला, बटण काही क्षण दाबून धरलं, पेटीच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली, आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढल्या. त्यांच्या सोनेरी कडा धाकटीच्या खोडरबराने हलकेच पुसल्या, कण झटकले. एक पट्टी 'खट्' आवाज होईपर्यंत बसवली. पडदा उजळला! दुसरी बसवली, तरीही उजळला.

पण आनंद दोन मिनिटांचा. आता पडद्यावर सांगणं आलं, की सुरू करण्याजोगी डिस्कच सापडत नाही. माझे हातपाय गळाले. पोरगा मात्र हसला. "काका, घड्याळ बघा. सालच चुकलंय." पाटीवर रुपयाएवढी ३ व्होल्टची बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, २० मिलिमीटर रुंद, ३.२ जाड, म्हणून हा आकडा. ती संपली होती. प्लग काढताच यंत्र तारीख विसरलं, आणि कोणत्या डिस्कला कशी हाक मारायची तेही.

नवी बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळजीकडे मिळाली. सेटिंगच्या पानावर डिस्कचं नाव दिसलं, तेव्हा कुठे मी पाणी प्यायलो. पोराने ती जुनी मांडणी पुन्हा लावून दिली.

ओव्या जागच्या जागी होत्या. त्याने लगेच दोन पेन ड्राइव्हवर त्या उतरवल्या. संध्याकाळी हिने काही न बोलता एक कोरी दोनशेपानी वही टेबलावर आणून ठेवली. रोज दोन-तीन ओव्या हाताने लिहितो आहे. सध्या त्र्याण्णवावी चालू आहे.