जुनी डिझेल पिकअप : घरी काय करावे, मिस्त्रीकडे काय न्यावे



हिमायतनगरात आता नांगर चालत नाही. पण आपल्यापैकी ज्यांचे बिऱ्हाड इथे आणि जमीन शहराबाहेर आहे, त्यांना टोमॅटो, पालक, मिरची पहाटे बोवेनपल्लीच्या भाजीबाजारात किंवा मेहदीपट्टणमच्या रैतू बाजारात पोचवावी लागते. जानेवारी १९९९ पासून रैतू बाजार सुरू झाले. त्यामुळे मधला दलाल टळला, पण माल नेण्याचा भार शेतकऱ्यावर आला. भाड्याच्या टेम्पोत नफा जातो. नवी गाडी परवडत नाही. मग जुनी डिझेल पिकअप घ्यावी आणि घरीच नीट करावी, असा विचार मनात येतो. विचार चुकीचा नाही, मात्र तो हिशेबाने झाला पाहिजे. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, हा प्रभूने दिलेला दृष्टांत येथेही लागू पडतो.

आपल्या भागातील गाड्या

लहान मालगाड्यांचा इतिहास आपल्या दाराशीच घडला आहे. १९८० च्या दशकात हैदराबाद ऑल्विन कंपनीने जपानच्या निस्सानशी सहकार्य करून जहीराबादला हलके ट्रक बनवले. पुढे तो कारखाना महिंद्राकडे गेला. त्याच दशकात, १९८६ मध्ये टाटा ४०७ आणि १९८८ मध्ये टाटामोबाईल ही पिकअप आली. त्या काळच्या इंजिनांत सारे काम यंत्राचे होते, त्यात संगणक नव्हता. नंतरच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो आणि त्याचे नियंत्रण विजेवर चालते. घरी हात घालायचा असेल तर साध्या पंपाचे जुने इंजिन सोयीचे. कॉमन रेलच्या गाडीत फिल्टर व तेल बदलण्यापलीकडे घरी जाऊ नये.

घेण्याआधी

प्रथम कागद पाहा. आर.सी. वरील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. कर्जाची नोंद असेल तर ती उतरवून घ्या. विमा, फिटनेस आणि कर यांच्या तारखा तपासा. आपले पुष्कळ नातेवाईक नांदेड, लातूरकडे आहेत, आणि तिकडची गाडी स्वस्त पडते असे वाटते. परंतु राज्य बदलले की तिकडच्या आर.टी.ओ.चा ना हरकत दाखला, इकडचा कर आणि नवी नोंदणी हा खर्च किमतीत धरावा.

मग इंजिन. विकणाऱ्याला आधीच सांगा की गाडी थंड ठेवा, आम्ही आल्यावर सुरू करू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण वीसपट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते आणि डिझेल आपोआप पेटते. दाब कमी झालेले इंजिन थंडपणी सुरू व्हायला कुरकुर करते. म्हणून गरम करून ठेवलेल्या गाडीवर विश्वास ठेवू नये.

धुराचा रंग पाहा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा नोझल बिघडले असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर सकाळी थोडा वेळ आला तर चालतो. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर रेडिएटरचे पाणी आत जात असण्याची शंका घ्यावी. इंजिन गरम व चालू असताना ऑइल भरायचे झाकण जपून उघडा. तेथून धुराचे फुत्कार सतत येत असतील तर लायनर-पिस्टन झिजले आहेत. त्या कामाचा खर्च मोठा असतो, तेव्हा सौदा तेथेच थांबवलेला बरा.

शेवटी गाडीखाली वाकून पाहा. चासीला गंज, वेल्डिंगचे ठिगळ किंवा तडा दिसला तर रंग कितीही चकचकीत असो, हात जोडून परत या.

घरी करण्याची कामे

१. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर लगेच बदला. आधीच्या मालकाने कधी बदलले, याची खात्री नसते.

२. डिझेल फिल्टर बदला आणि पाणी साठण्याच्या भांड्यातील पाणी काढा. डिझेलमधले पाणी पंपाचा व नोझलचा नाश करते. फिल्टर बदलल्यावर लाइनीत हवा राहते. हातपंप मारून, स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ती काढावी.

३. एअर फिल्टर साफ करा किंवा बदला. शेतरस्त्याच्या धुळीत तो लवकर भरतो.

४. रेडिएटरचे गंजके पाणी काढून कूलंट भरा. फॅनबेल्टला चिरा असतील तर नवा घाला. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका.

५. किंगपिन, पाट्यांच्या पिना व शाफ्टचे सांधे यांना ग्रीस गनने ग्रीस द्या.

६. बॅटरीची टोके घासून घट्ट करा. काढताना आधी ऋण टोक काढावे, लावताना ते शेवटी लावावे.

सुटे भाग लिबर्टीवरून टँकबंडमार्गे राणीगंजला मिळतात. जुना भाग सोबत नेऊन शेजारी ठेवून पाहावा. पंप, नोझल, गिअरबॉक्स, लायनर-पिस्टन आणि स्टिअरिंगचे काम मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. पंप तपासायला खास यंत्र लागते. घरी त्याचे स्क्रू फिरवून जोर वाढवला तर काळा धूर आणि तापलेले इंजिन पदरी पडते.

डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची जुनी सवयही सोडावी. पंपाचे आतले भाग डिझेलच्याच वंगणावर चालतात, आणि रॉकेलने ते झिजतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते, हे खरे आहे. पण घरचे खाद्यतेल दाट असते. त्याने नोझलवर कोळसा धरतो.

सुधारणा कोणती खरी

पुष्कळजण आधी गाडीला जास्तीचे पाटे बसवतात, म्हणजे माल जास्त भरता येईल. पाटे वाढले तरी ब्रेक, ॲक्सल आणि टायर तेच राहतात. गाडी बसत नाही एवढेच, पण थांबतही नाही. इंजिन बदलणे किंवा गाडीचा मूळ आकार बदलणे याला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. तशी न घेता केलेली सुधारणा अपघातानंतर विम्याच्या आड येते.

खरी सुधारणा ब्रेकपासून सुरू होते. नवे ब्रेक शू, गळती नसलेले सिलिंडर आणि ताजे ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि मग उतारावर तापून ब्रेक पोकळ होतो, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. ब्रेकचे काम घरी केले तरी गाडी रस्त्यावर नेण्याआधी मिस्त्रीला दाखवावे. त्यानंतर टायर, मग दिवे. पहाटेच्या धुक्यात मागचा लाल दिवा व चमकपट्टी यांनी जीव वाचतो. सीटला चांगली गादी घाला. रोजच्या धक्क्यांनी कंबर धरते, आणि कंबर गेली की शेतीही थांबते.

अंगाची काळजी

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. खाली मजबूत लोखंडी घोड्या लावा आणि चाकांना दगड द्या. विटांची रास घोडीचे काम करत नाही. ती अचानक फुटते.

बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. डिझेलच्या धुराने माणसाला कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे.

जुन्या ब्रेक शूच्या भुकटीत ॲसबेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, हवेने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे.

नळीने तोंडाने डिझेल ओढू नका. पोटात गेलेच तर उलटी करवू नका, कारण ते फुप्फुसात जाते. लगेच दवाखाना गाठा.

नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नका. तो कातडीतून आत शिरतो. टाचणीएवढे छिद्र दिसते, दुखतही नाही, पण काही तासांत हात सुजतो आणि बोट गमावण्याची वेळ येते. दवाखान्यात जाऊन डिझेल आत गेले आहे, असे स्पष्ट सांगा.

वापरलेले ऑइल विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याला द्या. हात साबणाने धुवा, डिझेलने नव्हे.

शेवटची गोष्ट

सणाच्या दिवशी, खैरताबादच्या आरोग्यमातेच्या मंदिराला जाताना, पिकअपच्या हौद्यात माणसे बसवण्याची आपल्यात रीत आहे. हौदा मालासाठी आहे. मालगाडीत फुकट बसवलेल्या माणसांची भरपाई देण्यास विमा कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितले आहे. एका वळणावर गाडी उलटली तर लेकरेही जातात आणि मालकाची जमीनही जाते. बसचे भाडे त्यापुढे काय आहे?

आपण नव्या गाडीवर फादरांकडून आशीर्वाद मागतो, तो अवश्य मागावा. जुनी गाडी नीट केल्यावरही मागावा. पण त्याआधी ब्रेक तपासलेला असावा. संत योसेफ हा कामकऱ्यांचा आश्रयदाता, आणि १ मे हा त्याचा सण पोप पायस बारावे यांनी १९५५ मध्ये नेमून दिला. नेटके, प्रामाणिक काम हीसुद्धा एक प्रार्थनाच आहे. आपल्या गाडीसमोरून रस्ता ओलांडणारे परके मूलही आपल्या शेजाऱ्याचेच आहे, हे आपण विसरू नये.