एकच भाव, रोख व्यवहार : ‘एचिगोया’ची कथा

वस्तूचा भाव किती, या प्रश्नाला प्रत्येक गिऱ्हाइकास एकच उत्तर द्यावे, ही आज आपणांस सामान्य गोष्ट वाटते. परंतु सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी जपानमधील एका कापड-व्यापाऱ्याने तसे उत्तर देण्याचे ठरविले, तेव्हा त्याच्याच व्यवसायबंधूंनी त्याच्यावर बहिष्कार घातला. त्या व्यापाऱ्याचे नाव मित्सुई ताकातोशी आणि त्याच्या दुकानाचे नाव ‘एचिगोया’. आजची ‘मित्सुकोशी’ ही प्रख्यात पेढी आणि पूर्वीची मित्सुई बँक या दोहोंचे मूळ त्या एका दुकानात आहे. व्यापार ही ज्यांची वंशपरंपरागत वृत्ती आहे, अशा आपल्या समाजाने हा इतिहास अवश्य जाणून घ्यावा.

ताकातोशीचा जन्म १६२२ मध्ये इसे प्रांतातील मात्सुसाका या गावी झाला. तो घरातील सर्वांत धाकटा मुलगा. वडिलांचे लक्ष व्यापारापेक्षा काव्यात अधिक. तांदळाचे मद्य व मिसो यांची विक्री आणि गहाणवटीचा व्यवहार हे सर्व आई शुहो हीच सांभाळी. मद्यविक्री श्रावकास निषिद्ध आहे, हे खरे. तथापि कोणतीही वस्तू वाया न घालविणारी, हिशेबास चोख आणि गिऱ्हाइकाशी अदबीने वागणारी ही गृहिणीच मित्सुई घराण्याची खरी संस्थापक मानली जाते.

चौदाव्या वर्षी ताकातोशी एदो येथे, म्हणजे आजच्या टोकियोत, थोरल्या भावाच्या कापडदुकानात उमेदवारीस गेला. त्याची हुशारी इतकी दिसून आली की, आपल्या मुलांचे पुढे कसे होईल, अशी धास्ती भावास वाटू लागली, असे सांगतात. १६४९ मध्ये आईची काळजी घेण्याच्या निमित्ताने त्याला गावी परत पाठविण्यात आले. पुढील चोवीस वर्षे तो गावीच राहिला. त्याने भावाशी भांडण केले नाही, वाटणी मागितली नाही. तेथेच सावकारी करून भांडवल जमविले आणि मुले वयात येताच त्यांना कापडाचा धंदा शिकण्यासाठी एदोला धाडले. १६७३ मध्ये थोरला भाऊ वारल्यानंतरच, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, त्याने एदोमध्ये स्वतःचे दुकान उघडले. दुकानाची दर्शनी रुंदी जेमतेम नऊ फूट होती.

त्या काळी मोठ्या कापडपेढ्यांचे गिऱ्हाईक म्हणजे सरदार व सामुराई. गुमास्ते तागे घेऊन त्यांच्या वाड्यावर जात आणि पैसे वर्षातून एकदा किंवा दोनदा मिळत. उधारी मोठी, वसुली अनिश्चित. म्हणून व्यापारी व्याज व संभाव्य बुडीत रक्कम आधीच भावात मिळवीत आणि गिऱ्हाईक पाहून किंमत सांगत. बँकेच्या कर्जविभागात ज्याने काम केले आहे, त्याला यातील अन्याय चटकन उमजतो. जो पैसे बुडवितो, त्याचा भार वेळेवर पैसे देणाऱ्याच्या माथी बसतो. शिवाय व्यापाऱ्याचे भांडवल वर्षभर दुसऱ्याच्या घरी अडकून पडते.

ताकातोशीने ही सारी रीत उलटी केली. माल दुकानातच विकायचा, रोखीने विकायचा आणि भाव फुगवून सांगायचा नाही, हे त्याचे सूत्र. १६८३ मध्ये त्याने या आशयाची पत्रके शहरात वाटली. पूर्ण तागाच घेतला पाहिजे ही अटही त्याने काढून टाकली. लागेल तेवढाच तुकडा तो कापून देऊ लागला. प्रत्येक प्रकारच्या कापडासाठी वेगळा जाणकार गुमास्ता नेमला. निकड असलेल्यांना कपडे तत्काळ शिवून मिळत. पाऊस आला तर गिऱ्हाइकास दुकानाच्या चिन्हाची छत्री उसनी मिळे. रोख पैसा वारंवार हाती येत असल्यामुळे थोड्या नफ्यावरही व्यापार वाढत गेला. सरदाराला जो भाव, तोच सामान्य कारागिराच्या पत्नीला! श्रेणींत विभागलेल्या त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

साहजिकच जुने व्यापारी संतापले. त्यांनी एचिगोयाशी व्यवहार तोडला. शेजाऱ्याने आपले शौचालय मुद्दाम त्याच्या स्वयंपाकघरासमोर बांधले, अशीही आख्यायिका आहे. त्यातच शहराच्या मोठ्या आगीत दुकान जळाले. ताकातोशी खचला नाही. १६८३ मध्ये त्याने सुरुगाचो या भागात नवे दुकान थाटले आणि त्याला जोडूनच नाणी बदलून देणारी सराफी पेढी काढली. चार वर्षांनी, १६८७ मध्ये, खुद्द शोगुनच्या दरबाराला वस्त्रे पुरविण्याचा मान एचिगोयास मिळाला.

या सराफी पेढीचा एक व्यवहार आपल्याकडील हुंडीची आठवण करून देतो. एदोत व्यवहार सोन्यात चाले, तर ओसाका व क्योतो येथे चांदीत. ओसाकात जमा झालेली सरकारी चांदी एदोला वाहून नेणे खर्चाचे व धोक्याचे काम होते. १६९१ पासून मित्सुईने ती रक्कम ओसाकात स्वीकारून ठराविक मुदतीत एदोत भरण्याचे काम घेतले. मधल्या काळात त्या चांदीतून क्योतोचे कापड खरेदी होई, ते एदोत रोखीने विकले जाई आणि त्या पैशातून सरकारी भरणा होई. पैसा रस्त्यावरून न जाता कापडाच्या रूपाने जाई!

१६९४ मध्ये ताकातोशी निवर्तला. मिळकतीचे तुकडे न करता मुलांनी ती एकत्र ठेवावी, ही त्याची इच्छा होती. त्यानुसार १७१० मध्ये सर्व शाखांच्या भांडवलावर देखरेख करणारी एक मध्यवर्ती संस्था घराण्याने स्थापिली. थोरला मुलगा ताकाहिरा याने पाहिलेल्या-ऐकलेल्या हकिकतींवरून नातू ताकाफुसा याने एक ग्रंथही सिद्ध केला. त्यात क्योतोमधील सुमारे पन्नास श्रीमंत घराणी कशी लयास गेली, याची नोंद आहे. त्यातील अनेक घराणी सरदारांना दिलेल्या कर्जामुळे किंवा ऐषआरामामुळे बुडाली होती. यशस्वी घराण्याने पुढील पिढीसाठी स्वतःच्या पराक्रमाऐवजी इतरांच्या नाशाची कारणे लिहून ठेवावीत, ही दूरदृष्टी विरळाच.

पुढे १८७२ मध्ये कापडाचा धंदा मुख्य घराण्यापासून वेगळा झाला. ‘मित्सुई’ व ‘एचिगोया’ यांच्या आद्याक्षरांवरून ‘मित्सुकोशी’ हे नाव आले. १८७६ मध्ये मित्सुई बँक स्थापन झाली. ती जपानमधील पहिली खाजगी बँक होय. १९०४ मध्ये मित्सुकोशीने सर्व प्रकारच्या वस्तूंचे भांडार होण्याचा संकल्प जाहीर केला. २००८ पासून ती इसेतान या पेढीसह एका कंपनीत आहे. टोकियोच्या निहोनबाशी भागात तिचे मुख्य दुकान आजही उभे आहे.

या इतिहासातील सर्वच काही आपण स्वीकारावे असे नाही. एचिगोयाचा मुख्य माल रेशीम होता आणि रेशमाच्या धाग्यामागे कोशातील असंख्य जीवांची हत्या असते. अहिंसाधर्माला ते मान्य होणार नाही. परंतु तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटी मापे आणि भेसळीचा माल यांचा स्पष्ट समावेश आहे. गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव ठरविणे, किंवा आधी किंमत वाढवून मग ‘सवलत’ जाहीर करणे, हे त्याच जातीचे नव्हे काय? ज्याला बाजारभाव ठाऊक नाही, त्याच्या अज्ञानाचा पैसा करणे हे त्याच्या नकळत त्याचे घेणेच आहे.

सचोटीने वागले तर धंदा चालत नाही, असे आपली तरुण मुले पुष्कळदा बोलून दाखवितात. त्यांच्यापुढे ताकातोशीचे उदाहरण ठेवावे. त्याला भूतदयेसाठी नव्हे, तर नफ्यासाठीच व्यापार करावयाचा होता. तरीही एकच भाव सांगणे त्याला परवडले. आपल्याला तर त्यासाठी नफ्याखेरीज व्रताचेही कारण आहे.