हवाई दलातील अधिकारी: निवड आणि प्रशिक्षण

प्रवेशाचे मार्ग
- बारावीनंतर: राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) परीक्षा. खडकवासल्यात तीन वर्षे, मग हवाई दलाचे प्रशिक्षण.
- पदवीनंतर: सीडीएस (संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा) किंवा ॲफकॅट (हवाई दलाची सामाईक प्रवेश परीक्षा). ॲफकॅट वर्षातून दोनदा होते. उड्डाण शाखेसाठी वय २० ते २४, ग्राउंड ड्युटीसाठी (जमिनीवरच्या कामांसाठी) २० ते २६.
- अधिकाऱ्यांखालच्या पदांसाठीची अग्निवीर भरती वेगळी. तिथून थेट अधिकारी होता येत नाही.

मुलाखत मंडळ
लेखी परीक्षेनंतर निवड मंडळाच्या मानसशास्त्रीय व गटचाचण्या आणि मुलाखत. वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांना शिवाय सीपीएसएस (कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टीम) ही संगणकीय चाचणी द्यावी लागते. संधी आयुष्यात एकदाच: नापास झालेल्याला उड्डाण शाखेचे दार कायमचे बंद; इतर शाखा मात्र खुल्या राहतात. शेवटी वैद्यकीय तपासणी.

दुंडिगल
निवडलेल्यांचे प्रशिक्षण हैदराबादजवळ दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत होते. तिची पायाभरणी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांनी १९६७ मध्ये केली. भावी वैमानिक पहिले धडे पिलाटस पीसी-७ या स्विस बनावटीच्या विमानावर घेतात. पुढे तीन वाटा फुटतात: लढाऊ विमाने, मालवाहू विमाने, हेलिकॉप्टर. लढाऊ वाटेवरचे वैमानिक नंतर बिदरला हॉक जेटवर सराव करतात. तांत्रिक शाखेच्या अधिकाऱ्यांचे तांत्रिक शिक्षण बंगळुरूतील जालहळ्ळीच्या महाविद्यालयात होते.

हुद्दा आणि सेवा
पहिला हुद्दा फ्लाइंग ऑफिसर. हेच नाव ग्राउंड ड्युटीच्या अधिकाऱ्यालाही, जरी तो विमान चालवत नसला तरी. अल्पकालीन सेवा उड्डाण शाखेत १४ वर्षांची, ग्राउंड ड्युटीत १० वर्षांची (वाढवता येते).

महिला
लढाऊ विमानांच्या पहिल्या तीन महिला वैमानिक: अवनी चतुर्वेदी, भावना कंठ, मोहना सिंग, जून २०१६. एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली.