बूट कमी, पाऊल जास्त

डोंगर भटकायला किंवा ट्रेलवर धावायला पातळ तळाचे, हलके ‘मिनिमलिस्ट’ बूट घ्यायचं मनात आहे? मग पाकिटाला हात घालण्याआधी ही चटकदार शिदोरी बांधून घ्या.

नवे बूट बसेनात? राहू देत!
१९६०, रोम ऑलिंपिक. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाला मिळालेले नवे बूट काही केल्या पायाला बसेनात. पठ्ठ्या मॅरेथॉन अनवाणीच धावला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकलाही. तेव्हाची ती विक्रमी वेळ! पण लगेच आपले बूट माळ्यावर टाकू नका. बिकिलाला अनवाणी धावण्याचा सराव आधीपासूनच होता.

टायरची चप्पल, १०० मैल
मेक्सिकोच्या कॉपर कॅन्यन भागातले रारामुरी लोक जुन्या टायरच्या तुकड्याला वादी बांधतात आणि तेच घालून कडेकपारी पालथ्या घालतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लेडव्हिलची १०० मैलांची डोंगरी शर्यत त्यांच्यातल्या व्हिक्टोरियानो चुरो यांनी अशाच चपला घालून जिंकली. वय वर्षं ५५! टायरच्या चपला आपल्या खेड्यापाड्यांतही पिढ्यान् पिढ्या झिजल्या. शर्यत तेवढी कुणी लावली नाही.

नावातच संधी
१९३५ मध्ये आल्प्समध्ये खराब हवामानात सहा गिर्यारोहक दगावले. त्यांचे साथीदार विटाले ब्रामानी यांनी त्यानंतर खोल खाचांचा रबरी तळ घडवला. विटालेतला ‘वि’ आणि ब्रामानीतला ‘ब्राम’ जोडून झालं ‘विब्राम’. जाडजूड तळांसाठी नावाजलेल्या याच कंपनीनं पुढे हातमोज्यासारखे पाच बोटांचे पातळ बूट काढले. ते घालून पाय बळकट होतात, या जाहिरातीवरून अमेरिकेत खटला झाला. २०१४ मध्ये कंपनीनं चूक कबूल न करता ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली.

पाव सांगाडा पायात
एका पावलात २६ हाडं. दोन्ही मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी पाव हिस्सा! आणि बुटाचं वजन? प्रत्येक बूट १०० ग्रॅमनं जड झाला की धावताना साधारण १ टक्का ऊर्जा जास्त खर्च होते. दिवसभराच्या चालीत पाय हा हिशेब बरोबर वसूल करतात.

उतावळेपणा हाडाला लागतो
२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ धावपटूंना १० आठवड्यांत पाच बोटांच्या बुटांची सवय लावायला सांगितलं. त्यांपैकी १० जणांच्या पावलांच्या हाडांत आतून सूज दिसली. गादी गेली की तिचं काम पोटऱ्या आणि तळव्यांवर येतं, आणि त्यांना ते शिकायला महिने लागतात. म्हणून आधी घरात, मग सपाट मातीवर दहा मिनिटं, आणि गड सगळ्यात शेवटी.

दुकानातली पाच मिनिटं
• संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे फुगतात. सकाळी बसलेला बूट उतारावर चावतो.
• आतला सुटा सोल काढून त्यावर उभे राहा. बोटं कडेबाहेर आली, तर बूट अरुंद.
• बूट पोळीसारखा गुंडाळून पाहा. गुंडाळला गेला, तर लवचीक.
• ‘ड्रॉप’ विचारा, म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक. नेहमीच्या धावायच्या बुटांत तो १० मि.मी.च्या आसपास असतो, ‘झिरो ड्रॉप’मध्ये शून्य. एकदम शून्यावर उडी मारलीत, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या बोंबलतील.
• सह्याद्रीत जाणार? तळ पातळ चालेल, पकड पातळ नको. चिखलाला खोल खाचा लागतात, ओल्या कातळाला मऊ रबर. शेवाळावर मात्र कुठल्याच बुटाचा भरवसा धरू नका.

आणि बिकिलाचं पुढे काय झालं?
१९६४, टोकियो. या वेळी गडी चक्क बूट-मोजे घालून उतरला, २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत पुन्हा जिंकला आणि वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांनी कमी केली. या खेपेचे बूट पायाला बसले असावेत!